वजन गेलं, कातडी उरली

वजन उतरवलेल्या माणसाचा एक फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून तो उभा असतो, कमरेचा भाग हातभर पुढे ओढून धरलेला असतो, चेहऱ्यावर हसू असतं. दवाखान्याच्या भिंतीवर, वर्तमानपत्राच्या पुरवणीत, आहारतज्ज्ञाच्या जाहिरातीत हा फोटो भेटतो. त्यातला माणूस नेहमी अंगभर कपड्यांत असतो. सदरा वर केला तर खाली काय आहे, हे त्या फोटोत दिसत नाही. वजन कमी करा म्हणून मागे लागणारे डॉक्टर, ट्रेनर, नातेवाईक यांच्यापैकीही फार थोडे जण ते आधी सांगतात.

सदऱ्याखाली असते ती कातडीची लोंबती घडी. चाळीस, पन्नास, साठ किलो वजन गेलं की चरबी जाते, पण तिला झाकणारं आवरण पूर्वीच्याच मापाचं राहतं. ते सुटून ओटीपोटावर, जांघेवर, कुणाकुणाच्या अर्ध्या मांडीपर्यंत उतरतं. बसलं की मांडीवर येतं, कुशीवर वळलं की गादीवर वेगळं पडतं, पळायला गेलं की आपटतं. इतक्या कष्टानं हलकं झालेल्या शरीराला हीच घडी पळू देत नाही. दंड, मांड्या, छाती, पाठ इथलीही कातडी सैल होते. पण सगळ्यांत जास्त जाच पोटाचा, म्हणून इथं पोटाबद्दलच लिहायचं आहे.

ही जादा कातडी काढता येते. वैद्यकात त्या शस्त्रक्रियेला अॅब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात, जाहिरातीत टमी टक. टमी टक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या नट्या येतात आणि विषय तिथंच हसण्यावारी जातो. माझं म्हणणं असं आहे की भरपूर वजन उतरलेल्या माणसासाठी ही शस्त्रक्रिया लठ्ठपणावरच्या उपचाराचाच शेवटचा टप्पा आहे. तो टप्पा उपचार सुरू होतानाच रुग्णाला सांगितला गेला पाहिजे, आणि खर्च, व्रण, धोके यांतलं काही न लपवता सांगितला गेला पाहिजे.

आपल्या हवेत या घडीचा त्रास किती असतो, ते आधी पाहू. मुंबईत आणि सगळ्या कोकणपट्टीत वर्षातले बरेच महिने घाम वाळत नाही. घडीच्या आत कातडीला कातडी चिकटलेली असते, तिथं हवा पोचत नाही. आधी लाली येते, मग खाज, मग बुरशी धरते. कातडी चिघळते आणि वास येऊ लागतो. मधुमेह असेल तर जखम लवकर भरत नाही. बायका घडीखाली जुन्या सुती साडीचा तुकडा घालून ठेवतात, दिवसातून दोनतीनदा बदलतात. परकराची नाडी बांधायची कुठं, हा रोजचा प्रश्न. घडीच्या वर बांधली तर नाडी काचते, खाली बांधली तर ती भिजते. पुरुष पट्टा घडीखाली आवळतात आणि वर सैल शर्ट घालतात. गर्दीच्या लोकलमध्ये वासाच्या भीतीनं दारापाशीच उभं राहायचं, लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसणं टाळायचं, नवराबायकोनं दिवा घालवूनच जवळ यायचं, हे सगळं त्यातच आलं. यातलं बरंचसं माणसं डॉक्टरलाही सांगत नाहीत. वजन कमी झाल्याबद्दल सगळं जग पाठ थोपटत असताना तक्रार कोणत्या तोंडानं करायची?

मग ती मेडिकलवर जातात. तिथं चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळते, जिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड अशी तिन्ही एकत्र असतात. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते. ट्यूब संपली की त्रास दुपटीनं उलटतो आणि गजकर्ण औषधाला दाद देईनासं होतं. स्टिरॉइडनं आधीच सैल झालेली कातडी आणखी पातळ होते. भारतातले त्वचारोगतज्ज्ञ या मिश्र मलमांविरुद्ध वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत आहेत. घडी जोवर आहे तोवर पावडर, मलम, कोरडं ठेवणं हे सारं तात्पुरतंच ठरतं, कारण घाम साचायची जागा तशीच राहते.

डॉक्टरांसमोर बसलेला रुग्ण हमखास विचारतो, की हे व्यायामानं जाणार नाही का? उत्तर सरळ आहे. स्नायू व्यायामानं भरतात, कातडी आखडत नाही. कातडीला बळ देतात ते कोलॅजनचे तंतू आणि तिला पूर्ववत आणतात ते इलॅस्टिनचे. ती वर्षानुवर्षं ताणलेली राहिली की हे तंतू तुटतात, विरळ होतात. फार काळ ताणून ठेवलेलं इलॅस्टिक सोडलं तरी मूळ लांबीवर येत नाही, तसंच हे. विशीतल्या, दहाबारा किलोच उतरवलेल्या मुलाची कातडी बरीचशी बसते. चाळिशी ओलांडलेल्या, दोन बाळंतपणं झालेल्या, वीस वर्षं लठ्ठ राहून साठ किलो उतरवलेल्या बाईची बसत नाही. तंबाखू आणि ऊन यांनी ती आणखी सैलावते. क्रीमनं, तेलानं, मालिशीनं काही होत नाही. कातडी आखडवणारी म्हणून जी यंत्रं पार्लरवजा क्लिनिकांत दाखवतात, त्यांचा थोडाफार उपयोग किरकोळ सैलपणाला होतो. लोंबत्या घडीवर त्यांचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

कातडीखाली आणखी एक बिघाड असतो. पोटाच्या मध्यभागी वरून खाली दोन उभे स्नायू असतात. गर्भारपणात किंवा पोटातली चरबी फार वाढल्यानं त्यांच्यामधली पट्टी ताणली जाऊन ते एकमेकांपासून दूर सरतात. वजन गेल्यावरही पोट पुढे आलेलंच दिसतं ते अनेकदा यामुळे. कुणाकुणाला बेंबीचा हर्नियाही असतो. म्हणून चांगला सर्जन रुग्णाला आडवं झोपवून मान उचलायला सांगतो आणि मध्यरेषेवर बोटं टेकवून फट किती आहे ते पाहतो.

आपल्याकडे हा प्रश्न आता थोडक्यांचा राहिलेला नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. जठराचा आकार कमी करणाऱ्या स्लीव्ह किंवा बायपास या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यातच काय, जिल्ह्याच्या गावांतही होऊ लागल्या आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमदला विमानानं मुंबईत आणून क्रेननं सैफी हॉस्पिटलमध्ये चढवलं, तेव्हा सगळ्या वाहिन्या तिथं होत्या. किती किलो होते, किती उरले, एवढ्याच आकड्यांवर सगळ्यांचे डोळे होते. लठ्ठपणाबद्दल आपण बोलतो ते असं, काट्यावरच्या आकड्यांत.

आता त्यात इंजेक्शनं आली आहेत. मार्च २०२५ मध्ये मौन्जारो आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही भारतात विक्रीला आली. भूक मारणाऱ्या या औषधांनी वर्ष-दीड वर्षात वजनाचा मोठा हिस्सा उतरू शकतो. चरबी इंजेक्शननं गेली काय आणि शस्त्रक्रियेनं गेली काय, कातडीला फरक पडत नाही. येत्या काही वर्षांत प्लास्टिक सर्जनच्या दारात येणारी रांग लांबणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

* * *

जादा कातडी-चरबी कापून काढायची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये देमार आणि मार्क्स यांनी १८९० मध्ये असा प्रयोग नोंदवला. पण ज्या शस्त्रक्रियेपासून हा इतिहास खऱ्या अर्थानं सुरू होतो ती १८९९ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात झाली. करणारे होते हॉवर्ड केली, मूळचे स्त्रीरोगतज्ज्ञ. ज्यांच्या नावाचा चिमटा आजही आपल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये असतो, तेच हे केली. त्यांच्या रुग्ण बाईंचं वजन २८५ पौंड, म्हणजे सुमारे १२९ किलो होतं. केलींनी पोटावर आडवा छेद घेऊन जो तुकडा काढला तो ९० सेंटिमीटर लांब, ३१ रुंद, ७ जाड आणि ७४५० ग्रॅम वजनाचा होता. प्रतिजैविकं यायला अजून चार दशकं होती, रक्तगटांचा शोधही लागायचा होता. अशा काळात एवढी मोठी जखम करून ती बरी करणं हे नुसत्या कौशल्याचं काम नव्हतं, त्यामागे त्या बाईचा रोजचा जाच काय असेल याची जाणीव असली पाहिजे.

केलींच्या पद्धतीत बेंबी तुकड्याबरोबरच जायची. ती जागेवर राखण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि शिकागोच्या मॅक्स थोरेक यांनी १९२४ मध्ये ती मांडली. १९६० मध्ये मेक्सिकोच्या मारिओ गोन्सालेस-उयोआ यांनी छेद कमरेभोवती पूर्ण फिरवला. पाठीकडचीही कातडी सैल झालेल्यांसाठी आज जी शस्त्रक्रिया करतात तिचं मूळ तिथं आहे. ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी १९६७ मध्ये तीनशे रुग्णांचा अनुभव छापला, तेव्हा छेद ओटीपोटावर, अंतर्वस्त्राखाली झाकेल इतका खाली उतरला होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या टेड लॉकवूड यांनी सगळा ताण वरच्या कातडीवर न देता चरबीतल्या मजबूत पडद्यावर देऊन शिवायला शिकवलं. त्यानं व्रण बारीक राहू लागले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पहिलं काम चालतं ते मार्करनं. रुग्णाला उभं करून सर्जन त्याच्या पोटावर रेघा काढतो. आडवं झोपल्यावर कातडी पसरते, कुठं किती लोंबतं ते कळत नाही, म्हणून हे उभ्यानंच करावं लागतं. आरसा नसला तरी त्या दहापंधरा मिनिटांत अनेकांना फार अवघडल्यासारखं होतं, कारण जे इतकी वर्षं कपड्याआड ठेवलं तेच उचलून, ओढून मोजलं जात असतं. जाणते सर्जन अशा वेळी बोलत राहतात, रेघ कशासाठी ते सांगतात.

मग पूर्ण भूल. छेद कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, ओटीपोटाच्या तळाशी. सिझेरियनचा जुना व्रण असला तर तो बहुतेकदा काढलेल्या तुकड्यात निघूनच जातो. बेंबीभोवती गोल छेद घेऊन ती देठासकट पोटाला चिकटलेली ठेवतात. वरची कातडी-चरबी स्नायूंपासून सोडवत बरगड्यांच्या कडेपर्यंत नेतात. दूर सरलेले उभे स्नायू मध्यरेषेवर पक्क्या धाग्यानं शिवून जवळ आणतात. टेबल मध्ये वाकवतात, म्हणजे रुग्ण अर्धवट बसल्यासारखा होतो. सोडवलेली कातडी खाली ओढतात, जादा भाग कापतात आणि नव्या कातडीला भोक पाडून जुनी बेंबी बाहेर आणून शिवतात. ती चांगली जमली की पोट पोटासारखं दिसतं, आणि हे वाटतं त्याहून फार कठीण काम आहे. साध्या रुग्णात याला तीनेक तास लागतात. कमरेभोवती छेद असला तर रुग्णाला पालथंही करावं लागतं आणि वेळ बराच वाढतो. काही जणांची कातडी आडवीही सैल असते, तेव्हा मधोमध उभा छेदही घ्यावा लागतो. त्यांच्या पोटावर उलट्या टी अक्षरासारखा व्रण कायमचा राहतो, आणि याची कल्पना आधी दिलेली नसेल तर टाके काढण्याच्या दिवशी रडारड होते.

नुसती लोंबती घडी कापायची, स्नायू-बेंबीला हात लावायचा नाही, अशीही एक मर्यादित शस्त्रक्रिया आहे. तिला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. तिचा हेतू निव्वळ आरोग्याचा असतो आणि पुढे विम्याबद्दल बोलताना हा फरक कामाला येतो. चरबी ओढून काढण्याची लायपोसक्शन ही वेगळीच गोष्ट. तिनं कातडी कमी होत नाही.

घरी आल्यावर पहिला आठवडा-दीड आठवडा माणूस कमरेत वाकून चालतो. सरळ व्हायचं नसतं, टाक्यांवर ताण येतो. पोटातून दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात. त्यांना जोडलेल्या डब्यांत साचणारं पाणी मोजून वहीत लिहायचं. दिवसाचं माप साधारण तीस मिलिलीटरच्या खाली आलं की नळी काढतात. पोटपट्टा सहा आठवडे. तेवढे दिवस पाण्याची कळशी, सिलिंडर, कडेवरचं मूल काही उचलायचं नाही. आपल्या घरांत बाईनं सहा आठवडे काही न उचलणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मदतीला कोण येणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ठरवावं. बेंबीखालचा भाग महिनोन्महिने बधिर राहतो. तिथं गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, असं डॉक्टर बजावतात ते यासाठी की भाजलेलं कळत नाही. व्रण सहाआठ महिने लाल आणि जाड असतो, वर्षभरानं फिका पडतो. आपल्या रंगाच्या कातडीवर तो काळसर राहण्याची, कधी उंचवटा धरण्याची शक्यता जास्त.

* * *

धोके सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. सगळ्यांत सामान्य त्रास म्हणजे कातडीखाली पाणी साचणं. ते सुईनं काढतात. जखम उघडणं, पू होणं, रक्त साचणं हेही होतं, आणि ज्यांचं वजन खूप उतरलंय त्यांच्यात इतरांहून जास्त होतं. सर्वांत भयंकर म्हणजे पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. सौंदर्यशस्त्रक्रिया म्हणून ज्या ओळखल्या जातात, त्यांत या शस्त्रक्रियेचा गुठळीचा धोका वरच्या क्रमांकात आहे. म्हणून पायांना दाब देणारी यंत्रं लावतात, धोक्याचा हिशेब करून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात, आणि त्याच संध्याकाळी धरून का होईना उभं करून चालवतात. नर्सनं चालायला सांगितलं की कुरकुर करू नये.

यात आपल्याकडची एक खास अडचण आहे, मिश्रीची. सोडवून खाली ओढलेली कातडी फक्त बाजूंच्या आणि वरच्या रक्तवाहिन्यांवर जगते. निकोटिन त्या आकसवतं आणि मधला, खालचा भाग काळा पडून मरतो. सिगारेट ओढता का, असं विचारलं की बाई नाही म्हणते, आणि ते खरंच असतं. पण सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना मिश्री घासायची सवय ती तंबाखूत धरत नाही. पुरुष गुटखा आणि मळलेली तंबाखू लपवतात. शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे तंबाखू कोणत्याही रूपात बंद, हा नियम आहे. पित्ताशयाच्या जुन्या उघड्या शस्त्रक्रियेचा उजव्या बरगडीखालचा तिरका व्रण असेल तर तोही आठवणीनं दाखवावा, कारण तो वरून येणारा रक्तपुरवठा अडवतो. वजनाची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं. त्या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं.

आणखी एक गोष्ट अन्नाची. स्लीव्ह-बायपास झालेल्यांत लोह, बी-१२ आणि प्रथिनं अनेकदा कमी असतात. त्यांना दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरण आणि दोन घास भात यांत ती भागत नाहीत. डाळ-उसळ, दही, पनीर, अंडी, मासे हे मोजून खावं लागतं. प्रथिनं नसतील तर जखम भरत नाही. म्हणून वजन किमान सहा महिने एका जागी थांबलेलं असावं, बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेला वर्ष-दीड वर्ष झालेलं असावं, साखर आणि रक्त ठीक असावं, मूल व्हायचं असेल तर ते आधी होऊ द्यावं. हे सगळं जुळल्याशिवाय तारीख देणारा सर्जन टाळावा. ज्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीआरएनबी पदवी नाही, तोही टाळावा. भारतात प्लास्टिक सर्जरीचं पहिलं स्वतंत्र खातं आपल्या नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभं केलं. ही परंपरा असलेल्या राज्यात दोनचार दिवसांच्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर पोटं कापली जाऊ नयेत.

एवढं सारं सोसून मिळतं काय? घडी जाते, घाम साचायची जागा जाते, कपडा अंगाला बसतो, चालता-पळता येतं. जिनिव्हाच्या शल्यचिकित्सकांनी २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, बायपासनंतर कातडीचीही शस्त्रक्रिया झालेल्यांचं जगणं नुसतं बायपास झालेल्यांपेक्षा बरं असल्याचं दिसलं. अर्थात ज्यांना ही शस्त्रक्रिया मिळते ते मुळातच जास्त नेटानं उपचार घेणारे असू शकतात, हे ध्यानात ठेवून तो निष्कर्ष वाचावा. काट्यावर मात्र थोडेच किलो कमी होतात. वजन उतरवायचा हा मार्ग नाही.

* * *

इंग्लंडमधल्या इप्सविचचा पॉल मेसन हा एकेकाळचा पोस्टमन. वजन ४४० किलोंच्या पुढे गेलं तेव्हा जगातला सर्वांत लठ्ठ माणूस म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. २०१० मध्ये सरकारी आरोग्यसेवेत त्याची बायपास झाली आणि पुढे जवळजवळ तीनशे किलो गेले. मग कातडीशी झगडा सुरू झाला. ती काढून मिळावी म्हणून तो मागं लागला, तर वजन आधी स्थिर राहू दे, असं उत्तर मिळालं. २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्याबद्दल लेख आला. त्यातून न्यूयॉर्कच्या प्लास्टिक सर्जन जेनिफर कॅप्ला यांना त्याची हकिगत कळली आणि त्यांनी फुकट शस्त्रक्रिया करायची तयारी दाखवली. २०१५ मध्ये लेनॉक्स हिल हॉस्पिटलात त्याच्या अंगावरून वीस किलोंहून जास्त कातडी निघाली. ज्या देशात लठ्ठपणावरचा महागडा उपचार सरकार फुकट करतं, तिथला रुग्ण उरलेल्या उपचारासाठी परक्या देशातल्या एका डॉक्टरच्या चांगुलपणावर अवलंबून राहिला. वजन थांबेपर्यंत थांबा, हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच आहे. पण त्या थांबण्याला काही तारीख असली पाहिजे.

आपल्याकडची स्थिती याहून अवघड आहे. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत मागच्या पानांवर जे प्रमाणित अपवाद छापलेले असतात, त्यांतला सहावा लठ्ठपणाचा आणि आठवा कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा. विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ मध्ये त्यांची भाषा ठरवून दिली. सहाव्यात बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेला वाट ठेवली आहे, पण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, ४० किंवा त्याहून जास्त, अथवा गंभीर आजार असतील तर ३५ किंवा त्याहून जास्त, अशी अट घालून. भारतीयांना कमी वजनालाच मधुमेह-हृदयविकार गाठतो, म्हणून इथले डॉक्टर ३७.५ आणि ३२.५ हे आकडे कित्येक वर्षं वापरत आले आहेत. आठव्या अपवादात लिहिलं आहे की अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, अथवा आरोग्याला असलेला थेट आणि तात्काळ धोका दूर करण्यासाठीचा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार एवढाच धरला जाईल. वस्तू व सेवा कराच्या नियमांतही तेच. उपचारांवर कर माफ, पण प्लास्टिक सर्जरीवर ती माफी जन्मजात दोष, वाढीतले दोष, इजा आणि आघात यांपुरती. भरपूर वजन उतरल्यानं बिघडलेलं शरीर या यादीत कुठंच नाही. फ्रान्समध्ये घडी जननेंद्रियांच्या वरचा भाग थोडा तरी झाकत असेल तर पूर्वपरवानगीनं सामाजिक विमा खर्चाचा वाटा उचलतो. अमेरिकेतल्या कंपन्या घडी कुठवर लोंबते, पुरळ उपचारांनी तीन महिन्यांत बरं झालं का, हे पाहून पॅनिक्युलेक्टॉमी मंजूर करतात. म्हणजे मोजमाप ठरवता येतं.

नटण्यासाठीची शस्त्रक्रिया कोणती आणि दुरुस्तीची कोणती, हा प्रश्न मराठी मुलुखाला नवा नाही. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभरानं पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी उतरवून नवं नाक बसवलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची सचित्र हकिगत छापून आली आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीला नवी चालना मिळाली. कावसजी नाकाशिवायही जेवत होता, झोपत होता, श्वास घेत होता. तरी त्याला नटायचं होतं असं तेव्हा कुणी म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. मग रोज घडीखाली फडकं घालून कामावर जाणाऱ्या बाईला आपण ते का म्हणतो?

विमा नियामकानं आठव्या अपवादात एका ओळीची भर घालावी. उपचारांनी भरपूर वजन उतरल्यानंतर, घडीची लांबी आणि वारंवार होणारा संसर्ग यांच्या मोजमापावर, निदान पॅनिक्युलेक्टॉमी तरी मंजूर व्हावी. स्नायू शिवणं, बेंबी घडवणं याचा खर्च रुग्णानं दिला तरी चालेल. सरकारी योजनांनीही हाच निकष धरावा. आज खासगीत हा खर्च लाखांच्या घरात जातो आणि ज्यांत अंगाला जास्त घाम येतो अशी कामं करणारे लोक तिथं पोचत नाहीत.

तोवर वाचकांसाठी एवढंच. वजन उतरवायला सुरुवात करण्यापूर्वीच कातडीचं काय होणार, ते डॉक्टरांना विचारा. पुरळ आलं की मेडिकलवर न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि त्यांची प्रत्येक चिठ्ठी तारखेनिशी जपून ठेवा. घडीचे, चिघळलेल्या जागेचे फोटो काढून ठेवा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथं भाजलेल्या आणि अपघातातल्या रुग्णांना आधी घेतात, ते योग्यच आहे, पण तुमचा नंबरही लागतो. खासगीत करणार असाल तर आरोग्याला थेट आणि तात्काळ धोका असल्याचं, तसा तो खरोखर असेल तर, सर्जनकडून त्याच शब्दांत लिहून घ्या. कंपनीनं दावा नाकारला तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आपल्या भागाच्या विमा लोकपालाकडे जा. तिथं शुल्क नाही, वकील लागत नाही. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.